तिळाचें वार्धक्य

मनुष्याची ओळख पटविण्यासाठीं ज्या खुणा कागदोपत्रीं लिहून घेण्याची वहिवाट आहे, त्यांत तिळाचा मान मोठा. 'उजव्या गालावर तीळ', 'डाव्या मनगटाशीं काळा मस' अशा नोंदी घरोघरीं जपून ठेवलेल्या जुन्या दाखल्यांत सांपडतात. केस पांढरे होतात, दांत पडतात, चेहऱ्यावर सुरकुत्या येतात. परंतु तीळ जेथल्या तेथें राहतो, अशी सर्वांची समजूत असल्यामुळेंच ही वहिवाट पडली असावी. यिर्मया संदेष्ट्यानेंहि न पालटणाऱ्या स्वभावास चित्त्याच्या ठिपक्यांचा दृष्टांत दिला आहे. चित्त्याचें कसेंहि असो. मनुष्याच्या अंगावरील तीळ मात्र पालटतो. तो उगवतो, वाढतो, प्रौढ होतो, म्हातारा होतो आणि पुष्कळदां नाहींसाहि होतो. हा पालट इतका मंद असतो कीं, रोज आरशांत पाहणाऱ्यासहि तो कळत नाहीं. आणि त्याचा मोठा भाग त्वचेच्या आंत घडत असल्यामुळें तो पाहावयास सूक्ष्मदर्शक यंत्राचेंच साह्य घ्यावें लागतें.

विद्यार्थिमित्रहो, हा विषय केवळ कुतूहलाचा आहे असें समजूं नका. वृद्ध माणसाच्या अंगावरील तीळ काढून तपासला असतां त्यांत जीं चिन्हें दिसतात, त्यांपैकीं कांहीं एका प्राणघातक कर्करोगाच्या चिन्हांशीं विलक्षण साम्य दाखवितात. निरुपद्रवी तिळास रोग म्हटलें, तर एका निरोगी म्हाताऱ्याच्या जिवास विनाकारण घोर लागतो व त्याच्या देहावर नको ती शस्त्रक्रिया होते. उलट, रोगास तीळ म्हटलें, तर उपायाची वेळ निघून जाते. या दोन चुकांच्या मधून मार्ग काढावयाचा, तर साधा तीळ म्हातारपणीं कसा दिसतो याचें ज्ञान पाहिजे. तें ज्ञान कसें मिळालें व तें काय सांगतें, हें प्रस्तुत लेखांत थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम तीळ म्हणजे काय तें पाहूं. आपल्या त्वचेचे दोन मुख्य थर आहेत. वरचा पातळ थर म्हणजे बाह्यत्वचा. त्याच्या खालचा जाड व चिवट थर म्हणजे अंतस्त्वचा. बाह्यत्वचेच्या अगदीं तळाशीं, विटांच्या ओळीसारख्या बसलेल्या पेशींच्या रांगेंत, मधून मधून एक निराळ्या जातीची पेशी असते. ती मेलॅनिन नांवाचें काळसर रंगद्रव्य तयार करते व आपल्या फांद्यांसारख्या हातांनीं तें शेजारच्या पेशींस वांटते. या रंगकारी पेशी मूळच्या त्वचेच्या नव्हेत. गर्भावस्थेंत ज्या भागापासून मज्जातंतूंचा पुष्कळसा विस्तार होतो, त्याच भागांतून निघून त्या त्वचेंत येऊन राहतात. ही गोष्ट लक्षांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग होणार आहे. येथें आणखी एक मौज सांगण्याजोगी आहे. गोऱ्या व काळ्या मनुष्यांच्या त्वचेंत या पेशींची संख्या जवळ जवळ सारखीच असते; भेद असतो तो त्यांनीं केलेल्या रंगाच्या कणांचा आकार, प्रमाण व वांटणी यांत. वर्णाचा अभिमान धरणाऱ्यांनीं एकदां सूक्ष्मदर्शकांत डोकावून पाहावें.

या रंगकारी पेशींच्याच कुळांतील कांहीं पेशी एका ठिकाणीं गोळा होऊन त्यांचे पुंजके बनले, म्हणजे तीळ होतो. जन्मतःच असलेले तीळ थोडे. बहुतेक बाळपणीं व तारुण्यांत उगवतात. साधारणपणें तिशी-चाळिशीपर्यंत त्यांची संख्या वाढते व पुढें ती उतरणीस लागते.

आतां तिळाचें आयुष्य पाहूं. बालवयांतील तीळ बहुधा सपाट व काळसर असतो. त्याच्या पेशींचे पुंजके बाह्यत्वचा व अंतस्त्वचा यांच्या सांध्यावर लटकलेले दिसतात. पुढें कांहीं पुंजके अंतस्त्वचेंत आढळूं लागतात व तीळ किंचित् उंच होतो. वय वाढल्यावर सांध्यावरील पुंजके नाहींसे होऊन उरलेल्या सर्व पेशी अंतस्त्वचेंतच राहतात. तीळ तेव्हां घुमटासारखा वर आलेला, मऊ व फिकट, बहुधा त्वचेच्याच रंगाचा होतो. आपल्या आजोबांच्या नाकाशेजारीं दिसणारा मऊ मस बहुतकरून याच अवस्थेंतील असतो. जर्मनींतील हॅम्बुर्ग येथील प्रसिद्ध त्वचारोगवेत्ता पाउल उन्ना यानें १८९३ सालीं असें मत मांडिलें कीं, पन्हाळींतून पाण्याचे थेंब गळावे त्याप्रमाणें तिळाच्या पेशी बाह्यत्वचेंतून खालीं गळतात. पुढें कांहींनीं उलट मत दिलें. त्या खालून वर चढतात, असें ते म्हणत. अमेरिकेंतील लंड व स्टॉब या विकृतिशास्त्रज्ञांनीं १९४९ सालीं निरनिराळ्या वयांच्या माणसांचे तीळ तपासून, सांध्यावरील पेशींची हालचाल बाळपणीं अधिक असते व वयाबरोबर ती ओसरते, असें दाखविलें. सर्वच तीळ एका ठराविक मार्गानें जातात असें आज कोणी म्हणत नाहीं. बालवयांत उगवून आयुष्यभर टिकणारे तीळ व मोठेपणीं उगवून हळूहळू विरून जाणारे सपाट तीळ, असे निदान दोन प्रकार असावे, असा अलीकडील अभ्यासकांचा कल आहे.

हें सर्व पाहावयाचें कसें? शाळेंत आपण कांद्याचा पापुद्रा कांचेवर ठेवून त्याच्या पेशी पाहतों. पद्धत तीच, फक्त तयारी अधिक. डॉक्टरांनीं काढलेला तीळ प्रथम फॉर्मॅलिनमध्यें बुडवून ठेवितात, म्हणजे तो कुजत नाहीं. मग त्यांतील पाणी काढून त्याच्या जागीं वितळलेलें मेण मुरवितात. मेणाची वडी घट्ट झाल्यावर मायक्रोटोम नांवाच्या यंत्रानें तिचे अत्यंत पातळ काप घेतात. एका कापाची जाडी एका मिलिमीटराच्या हजार भागांपैकीं चार-पांच भागच असते. हे काप कांचेवर चिकटवून दोन रंगांत बुडवितात. मध्य अमेरिकेंतील एका झाडाच्या लांकडापासून काढलेला हिमॅटॉक्सिलिन हा रंग पेशींचीं केंद्रकें निळसर जांभळीं करतो व इओसिन हा दुसरा रंग उरलेला भाग गुलाबी करतो. एवढी सिद्धता झाली म्हणजे तिळाची सारी हकीकत कांचेवर उघडी होते.

म्हाताऱ्या माणसाच्या तिळाचा असा काप पाहिला असतां त्यांत मुख्यतः पांच गोष्टी दृष्टीस पडतात.

पहिली गोष्ट म्हणजे खोलीप्रमाणें पेशींचें लहान होत जाणें. वरच्या पेशी मोठ्या, गोलसर व रंगानें भरलेल्या असतात. मधल्या लहान व बिनरंगी असतात. तळच्या तर बारीक, लांबट व सुताच्या चातीसारख्या होतात. यास शास्त्रज्ञ तिळाची परिपक्वता म्हणतात. हा क्रम सर्व वयांत दिसतो, पण म्हाताऱ्या तिळांत तो विशेष स्पष्ट असतो.

दुसरी गोष्ट याहून नवलाची. तळच्या लांबट पेशी कधीं कधीं अशा रीतीनें मांडलेल्या दिसतात कीं, पाहणारास तो मज्जातंतूचाच तुकडा वाटावा. फ्रेंच विकृतिशास्त्रज्ञ पिएर मासाँ यानें हें साम्य बारकाईनें वर्णिलें आहे. गर्भांत ज्या मातीपासून मज्जातंतू घडले त्याच मातीच्या या पेशी, हें वर सांगितलेंच आहे. तेव्हां उतारवयांत त्यांनीं आपल्या भावंडांचें रूप घ्यावें, यांत कुळाचा धर्मच प्रकट होतो असें म्हणावयास हरकत नाहीं.

तिसरी गोष्ट चरबीची. तिळाच्या पुंजक्यांमधून चरबीच्या मोठ्या, पोकळ दिसणाऱ्या पेशी शिरलेल्या आढळतात. पडीक घराच्या अंगणांत गवत माजावें, तसा हा प्रकार दिसतो. चौथी गोष्ट तंतूंची. पेशी कमी होत जातात व त्यांच्या जागीं जाड, गुलाबी तंतू भरतात. क्वचित् तिळांत हाडाचा कणहि तयार झालेला सांपडतो. ही सर्व निवृत्तीचीं चिन्हें होत. तीळ आपलें बिऱ्हाड हळूहळू आवरीत आहे, एवढाच त्यांचा अर्थ.

पांचवी गोष्ट मात्र पाहणारास दचकविणारी आहे, व खरा प्रश्न तिच्यामुळेंच उभा राहतो. कांहीं म्हाताऱ्या तिळांत, विशेषतः चेहऱ्यावरील घुमटाकार तिळांत, लहान व शांत पेशींच्या समुदायांत एकदम मोठ्या, वेड्यावांकड्या, काळ्याकुट्ट केंद्रकांच्या पेशी दिसतात. कांहींत अनेक केंद्रकें असतात. आसपासच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या, कोठें त्यांत रक्त गोठलेलें, तंतू जाड झालेले, असा देखावा असतो. केंद्रक मोठें, काळें व बेढब होणें हें तर कर्करोगाचें ठळक लक्षण! असे तीळ पूर्वीं कित्येकदां कर्करोग म्हणून गणले गेले असतील यांत नवल नाहीं. ऑस्ट्रियांतील ग्राट्स येथील हेल्मुट केर्ल व त्यांचे सहकारी यांनीं १९९८ सालीं अशा तिळांचें वर्णन करून त्यांस 'पुरातन तीळ' अशा अर्थाचें नांव दिलें. या पेशी बेढब झाल्या त्या वाढीच्या जोरानें नव्हे, तर झिजेमुळें, असें त्यांचें म्हणणें. जुन्या भिंतीचा पोपडा फुगतो तो भिंत वाढते म्हणून नव्हे, तसेंच हें.

मग झीज व रोग यांतील भेद ओळखावा कसा? तज्ज्ञ मनुष्य एकाच पेशीकडे पाहून निवाडा देत नाहीं. तो साऱ्या वस्तीकडे पाहतो. तिळाच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत काय? खालीं जातांना पेशी लहान होत आहेत काय? विभागून दोन होत असलेल्या पेशी दिसतात काय? झिजलेल्या तिळांत तशा पेशी अत्यंत विरळ असतात किंवा मुळींच नसतात, आणि केंद्रकांचा काळेपणा पुसट, डाग पसरल्यासारखा असतो. रोगांत खोलवरहि पेशी मोठ्या राहतात, विभागत राहतात व एका बाजूस मुसंडी मारतात. एवढ्यानेंहि शंका फिटली नाहीं, तर विभागणाऱ्या पेशीच तेवढ्या रंगविणारीं विशेष द्रव्यें वापरून खात्री करून घेतात. एका साक्षीदारावरून निकाल न देतां सर्वांचें म्हणणें ऐकणाऱ्या न्यायाधीशाप्रमाणेंच हें काम चालतें.

तीळ वाढतां वाढतां थांबतो कां, याचाहि उलगडा गेल्या कांहीं वर्षांत पुष्कळसा झाला आहे. २००२ सालीं इंग्लंडांतील संशोधकांस मेलॅनोमा, म्हणजे रंगकारी पेशींचा कर्करोग, यांत बी-रॅफ नांवाच्या जनुकांत एक विशिष्ट बिघाड वारंवार आढळला. या बिघाडामुळें पेशीस 'वाढ, वाढ' अशी सारखी आज्ञा मिळत राहते. दुसऱ्याच वर्षीं असें दिसून आलें कीं, अगदीं निरुपद्रवी तिळांपैकींहि बहुतेकांत हाच बिघाड असतो! मग त्यांचा कर्करोग कां होत नाहीं? २००५ सालीं नेदरलंड्समधील डॅनियल पीपर व त्यांचे सहकारी यांनीं याचें उत्तर दिलें. चाबकाचा फटका बसतांच घोडा उधळूं पाहतो, पण त्याच क्षणीं लगाम खेंचला जातो. त्याप्रमाणें या पेशी कांहीं वेळां विभागल्यावर त्यांच्या आंतील पी-सोळा नांवाचें प्रथिन व त्याबरोबरच्या इतर योजना वाढ रोखून धरतात. पेशी जिवंत राहते, परंतु विभागत नाहीं. म्हणजे अंगावरील प्रत्येक तीळ हा एका परतविलेल्या संकटाचा पुरावाच होय. देहाच्या इतक्या लहान कोपऱ्यांतहि अशी राखण ठेविलेली पाहून निर्माणकर्त्याच्या योजनेपुढें मस्तक नम्र झाल्यावांचून राहत नाहीं.

लगाम बहुधा टिकतो. पण कधींच तुटत नाहीं असें नाहीं. याविषयीं आंकडे काय सांगतात? अमेरिकेंतील त्साओ व त्यांचे सहकारी यांनीं २००३ सालीं हिशेब मांडला, त्याप्रमाणें चाळिशीच्या आंतील माणसांच्या दोन लाख तिळांपैकीं वर्षाकांठीं फार तर एकाचा मेलॅनोमा होतो. साठीवरील पुरुषांत हें प्रमाण सुमारें तेहतीस हजारांत एक असें आहे. हे आंकडे अमेरिकेंतील असून तेथें हा रोग आपल्या देशाहून पुष्कळ अधिक आढळतो. यांवरून दोन बोध निघतात. एक, कोणताहि एक तीळ धोक्याचा ठरण्याचा संभव अत्यंत अल्प आहे. दुसरा, वयाबरोबर हा संभव कमी न होतां वाढतो. कारण उघड आहे. उतारवयांत तीळ कमी होतात व रोग मात्र वाढतो. शिवाय २०१७ सालीं सुमारें वीस हजार मेलॅनोमांचा एकत्र विचार झाला, तेव्हां जुन्या तिळांतून उद्भवलेले शेंकडा सुमारें २९ च भरले. बाकीचे तीळ नसलेल्या त्वचेवर नव्यानेंच उगवले होते. म्हणून सर्व तीळ कापून टाकणें हा उपाय नव्हे. म्हातारपणीं नवा काळा डाग उगवला, तर मात्र त्यास 'आणखी एक तीळ' म्हणून सोडूं नये. साठीनंतर सांध्यावर नव्यानें पेशी पसरत असलेला सपाट तीळ दिसला, तर त्याकडे अधिक सावधपणें पाहावें, असा इशारा ऑस्ट्रेलियांतील स्टीव्हन कोसार्ड व त्यांचे सहकारी यांनीं १९९१ सालींच दिला होता. तारुण्यांत जें स्वाभाविक, तें वार्धक्यांत संशयास्पद ठरतें. वय न विचारतां काप वाचणारा चुकतो तो येथेंच.

परंतु वृद्धांच्या अंगावरील प्रत्येक काळा उंचवटा तीळ नसतो, हेंहि लक्षांत ठेविलें पाहिजे. पाठीवर व छातीवर मेण चिकटविल्यासारखे खरखरीत, तपकिरी चट्टे येतात. ते बाह्यत्वचेच्या साध्या पेशींचे असून निरुपद्रवी असतात. सांवळ्या वर्णाच्या माणसांच्या गालांवर व डोळ्यांभोंवतीं मोहरीएवढे काळे दाणे पुष्कळ दिसतात. त्यांचें वर्णन इटालियन वैद्य अल्दो कास्तेलानी यानें १९२५ सालीं केलें. तेहि निरुपद्रवीच. आपल्याकडील आजीबाईंच्या चेहऱ्यावर आपण ज्यांस तीळ म्हणतों, त्यांतले कित्येक हेच दाणे होत.

आपल्या देशांत मेलॅनोमा विरळ असला, तरी जेव्हां होतो तेव्हां तो पुष्कळदां तळपायावर, तळहातावर किंवा नखाखालीं होतो. म्हणजे जेथें कोणाची नजर जात नाहीं तेथेंच. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्याच्या टांचेवरील काळा डाग कांट्याचा, कुरूपाचा किंवा रक्त साकळल्याचा समजून महिनेच्या महिने दुर्लक्षिला जातो. म्हाताऱ्या माणसांस वांकून आपला तळवा पाहतां येत नाहीं व डोळेहि साथ देत नाहींत. येथें तुमचे तरुण डोळे कामास येतील. आजी-आजोबांचे पाय चेपतांना किंवा धुतांना तळव्यांकडे, बोटांच्या बेचक्यांत व नखांकडे एकदां नीट पाहावें. डागाच्या दोन बाजू विषम असणें, कडा वेड्यावांकड्या असणें, रंग अनेक असणें, रुंदी सहा मिलिमीटरांहून अधिक असणें व डागांत पालट होत जाणें, या पांच गोष्टी जगभर सांगितल्या जातात. त्यांत रक्त येणें किंवा न भरणारी जखम होणें यांची भर घालावी. यांपैकीं कांहीं दिसल्यास घाबरूं नये व घाबरवूंहि नये. परंतु त्वचेच्या डॉक्टरांकडे अवश्य न्यावें.

एक निक्षून सांगावेंसें वाटतें. तिळास वा मसास घोड्याच्या शेपटीचा केस बांधणें, चुना व सोडा लावून तो जाळणें, ब्लेडनें खरवडणें, हे उपाय खेड्यांत व शहरांतहि चालतात. यांनीं जखम चिघळते हें तर खरेंच. पण त्याहून मोठी हानि अशी कीं, ज्या पेशींवरून निदान व्हावयाचें त्या पेशीच नष्ट होतात किंवा विरूप होतात. साक्षीदार मारून टाकल्यावर न्याय कोणी द्यावा? काढलेला तीळ कचऱ्यांत न टाकतां तपासणीस पाठविण्याचा आग्रह धरावा. आणि पाठवितांना रोग्याचें वय, डागाची जागा व तो केव्हांपासून आहे ही माहिती डॉक्टरांस बिनचूक सांगावी. वर आपण पाहिलेंच कीं, तेंच चित्र विशीं व सत्तरीं या दोन वयांत दोन निराळे अर्थ सांगतें.

मनुष्याचें वार्धक्य केवळ त्याच्या केसांत व गुडघ्यांत नसतें. त्याच्या अंगावरील तिळासहि तें चुकत नाहीं. बेढब झालेली प्रत्येक पेशी दुष्ट नसते. कांहीं केवळ थकलेल्या असतात, आणि त्यांस रोगी ठरविण्यापूर्वीं त्यांची सारी हकीकत ऐकून घ्यावी लागते. सूक्ष्मदर्शकाखालीं मिळणारा हा धडा घरांतील म्हाताऱ्या माणसांशीं वागतांनाहि आपण ध्यानीं ठेविला, तर या विद्येचें सार्थक झालें असें मी म्हणेन.